चौथ्या गटातल्या बायकांना उत्तर कोण देणार?



दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी, आम्ही बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या वस्त्यांवर आरोग्याच्या बैठका घेतो. मागच्या वर्षी अशाच एका बैठकीला मी एक शोधनिबंध घेऊन गेले. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगभर मानल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात तो एप्रिल २००९ मध्ये छापून आला होता. निबंध इंग्रजीत, पण त्यातल्या बायका आपल्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. बैठकीत बसलेल्यांपैकी काहीजणींची माहेरं त्याच जिल्ह्यातली होती. मी शाळेचा फळा पुढे ओढला आणि त्यातले आकडे मराठीत सांगायला सुरुवात केली.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे समूह चार गटांत वाटले. पहिल्या गटातल्या बायकांची एच.पी.व्ही. या विषाणूसाठी चाचणी. हाच विषाणू अंगात टिकून राहिला तर पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. दुसऱ्या गटात पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची जुनी, पॅप चाचणी. तिसऱ्या गटात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची अशी कोणतीच तपासणी करायची नाही. त्यांना 'प्रचलित सेवा'. मग आठ वर्षे कोणाला कर्करोग झाला, कोण मेले, याची नोंद ठेवायची.

निष्कर्ष असा: एच.पी.व्ही. चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात ६४ गेल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. जगातल्या कर्करोगतज्ज्ञांनी या निबंधाचे स्वागत केले. ते योग्यच होते, निष्कर्ष मोठाच आहे.

मी फळ्यावर '३४' आणि '६४' लिहिले आणि थांबले. मला वाटले होते, बायका पहिल्या आकड्याबद्दल विचारतील. ही चाचणी कुठे मिळते, किती पैसे पडतात, दुखते का. मागे भिंतीला टेकून बसलेल्या पन्नाशीच्या एका मावशींनी विचारले, "ताई, त्या चौथ्या गटातल्या बायांना माहीत व्हतं का, आपण चौथ्या गटात हाओत म्हणून?"

एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला 'संशोधन पद्धती'चा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले आहे. तुलनेसाठी ठेवलेला गट म्हणजे काय, तो का लागतो, यावर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. त्या गटातल्या माणसांना स्वतःबद्दल काय माहीत असते, हा प्रश्न त्या पेपरात नव्हता. त्या दिवशी मी मावशींना जे उत्तर द्यायला हवे होते, ते या लेखात देण्याचा प्रयत्न करते आहे.

'प्रचलित सेवा' म्हणजे काय?

हा एकटाच अभ्यास नव्हता. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये आले. मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचा. तिन्ही ठिकाणी रचना एकच: काही बायकांची तपासणी करायची, काहींची नाही, आणि मृत्यू मोजायचे.

तिन्ही ठिकाणच्या तपासणी न झालेल्या बायका मिळून १,३८,६२४. छापून आलेल्या निबंधांनुसार त्यातल्या २५४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावल्या. दिंडिगलमध्ये ९२, उस्मानाबादमध्ये ६४, मुंबईत ९८. ही बेरीज कोणाही शाळकरी मुलीला करता येईल. पण ती करून जाहीरपणे विचारायला अमेरिकेतले एक पॅथॉलॉजिस्ट, डॉ. एरिक सुबा, यांना पुढे यावे लागले. त्यांनी अमेरिकी सरकारच्या मानवी संशोधनविषयक कचेरीकडे तक्रार केली आणि २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये सविस्तर लेख लिहिला. मुंबईतल्या स्त्रियांना संमती देण्यासाठी पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असे त्या कचेरीनेही म्हटले. मावशी, तुमच्या प्रश्नाचे निदान मुंबईपुरते उत्तर हे आहे.

संशोधकांची बाजू आपण नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, भारतात त्या काळी गावोगावच्या बायकांसाठी अशी तपासणी नव्हतीच. म्हणून 'काही न करणे' हीच इथली प्रचलित सेवा होती. आम्ही कोणाकडून काही काढून घेतले नाही. पॅप चाचणीला प्रयोगशाळा लागते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाचणारी तरबेज माणसे लागतात, ती खेड्यात आणणार कुठून? खेड्यात चालेल अशी स्वस्त पद्धत खरोखर जीव वाचवते, हे सिद्ध झाले नाही तर सरकार त्यावर पैसे घालणार नाही. आणि सिद्ध करायचे तर तुलना हवीच.

यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पुराव्याशिवाय बायकांवर काहीही लादू नका, असे आपणच इतकी वर्षे ओरडून सांगत आलो आहोत. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकाविरुद्ध, 'नेट-एन'विरुद्ध, हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि इतर गटांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती याच मुद्द्यावर. तेव्हा संशोधनच नको, ही आपली भूमिका नाही.

पण पहिला मुद्दा मी मान्य करणार नाही. पॅप चाचणी जगाला १९४० च्या दशकापासून माहीत आहे. श्रीमंत देशांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्यामुळे वाचत आल्या. आपल्याकडे ती गावापर्यंत आली नाही, कारण गावातल्या बाईच्या गर्भाशयाकडे सरकारने फक्त 'केस' म्हणून, शस्त्रक्रियेचे टार्गेट म्हणून पाहिले. ही उपेक्षा. आणि मग संशोधनाच्या भाषेत या उपेक्षेलाच 'प्रचलित सेवा' असे नाव मिळाले. मापदंड म्हणून ती कागदावर आली आणि नीतिमत्ता समितीने तिला मंजुरी दिली. ज्या देशात बाईला काहीच मिळत नाही, तिथे तिला काहीच न देणे नैतिक ठरते! हा तर्क एकदा मान्य केला की जगातली सगळ्यात गरीब बाई ही सगळ्यात सोयीची तुलना ठरते. हेच संशोधन फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेत करता आले नसते. तिथे चौथा गट मिळालाच नसता.

पुरावा मिळाला, पुढे काय?

बरे, घटकाभर मानू या की दुसरा मार्ग नव्हता. पुरावा हवा होता, तो या बायकांच्या जिवावर मिळाला. मग त्या पुराव्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा हक्क तरी आपल्याला आहे ना?

मुंबईच्या अभ्यासाने दाखवून दिले की किमान दहावी शिकलेल्या, आरोग्यक्षेत्राचे आधीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले, तर आम्ल लावून बघण्याची तपासणी त्या उत्तम करतात. या तपासणीच्या चार फेऱ्यांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे यंत्रे नकोत, मोठी इस्पितळे नकोत, वस्तीतली बाई हे काम करू शकते. उस्मानाबादने दाखवले की एच.पी.व्ही. चाचणी एकदा केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हा कर्करोग संपवण्याचा जागतिक कार्यक्रम जाहीर केला. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० वर्षांपासून पुढे दर पाच ते दहा वर्षांनी एच.पी.व्ही. चाचणी करावी असे सांगितले. त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या बायकांचा वाटा आहे. आज युरोपातली बाई हे किट वापरते तेव्हा तुळजापूर-परंड्याच्या कुठल्यातरी आजीचे तिच्यावर ऋण आहे.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या सूचना काढल्या. कागद चांगला आहे. पण २०१९-२१ चे पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडून पाहा. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के. ग्रामीण भागात १.७ टक्के.

शंभरातल्या अठ्ठ्याण्णव! उस्मानाबादचा निबंध छापून दहा वर्षे उलटल्यावरही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव भारतीय बायका चौथ्या गटातच होत्या. फरक इतकाच, की आता त्यांचे मृत्यू कोणी मोजत नव्हते.

अंधारावर चालणारा धंदा

माहिती पोहोचत नाही तेव्हा तिची जागा रिकामी राहत नाही. भीती तिथे येऊन बसते, आणि भीती विकता येते.

बीड जिल्ह्याची गोष्ट तुम्हाला नवी नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनेच सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण साधारण तीन आहे. वयोगट अगदी सारखे नसले तरी हा फरक डोळ्यांत भरतो.

यामागे उचल आहे, मुकादम आहे, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर कापला जाणारा खाडा आहे, फडात आडोसा नाही की पाणी नाही. हे सगळे आपण अनेकदा लिहिले आहे. पण बायकांशी बोलताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. आमच्या वस्तीवरची एक बत्तीस वर्षांची बाई. तिला अंगावरून पांढरे जायचे, कंबर दुखायची. खाजगी डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि सांगितले, "पिशवीला सूज आहे. आत्ता काढली नाही तर कॅन्सर होईल." तिने उचलीतले पैसे दिले, पिशवी काढली. आता तिला घाम फुटतो, हाडे दुखतात, झोप येत नाही. कोयता हातात धरवत नाही, पण उचल फिटायची आहे.

पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो, औषधाने बरा होतो. आणि कर्करोगाची भीती खरी आहे की खोटी, हे सांगणारी चाचणी आहे. ती याच मराठवाड्यात, शेजारच्याच जिल्ह्यात, लाखभर बायकांवर तावून सुलाखून घेतली आहे. चाचणीत काही आढळले तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो, पिशवी जागच्या जागी राहते. हे त्या बाईला माहीत असते तर? निदान तिने उलटून विचारले असते, "डॉक्टर, माझी चाचणी कुठे आहे?"

एका जिल्ह्यातल्या बायकांच्या शरीरातून ज्ञान तयार झाले, ते समुद्रापार जाऊन छापले गेले, त्याचे मानसन्मान झाले. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांची गर्भाशये त्याच रोगाच्या भीतीने काढली जात राहिली. याला मी योगायोग म्हणायला तयार नाही. ज्ञान कोणासाठी निर्माण होते आणि कोणाच्या भाषेत ठेवले जाते, त्याचा हा थेट परिणाम आहे.

वगळायचे, नाहीतर वापरायचे

वैद्यकीय संशोधनाने बाईशी दोनच प्रकारे व्यवहार केला आहे. एकतर तिला वगळले, नाहीतर वापरले.

वगळण्याचा नमुना बघा. रोज थोडी अ‍ॅस्पिरिन घेतल्याने हृदयविकाराचा पहिला झटका टळतो का, यावरचा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यास १९८९ मध्ये पूर्ण छापून आला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सगळेच्या सगळे पुरुष. निष्कर्ष मात्र 'माणसांना' लागू! स्त्रियांवर असाच अभ्यास व्हायला आणि छापून यायला २००५ साल उजाडले. त्यात ३९,८७६ स्त्रिया होत्या, आणि उत्तर वेगळे आले: पहिला झटका टाळण्यात एकूण स्त्रियांना तसा फायदा दिसला नाही, पक्षाघाताचे प्रमाण मात्र कमी झाले. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचे घ्या. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांच्यासाठी मात्रा निम्मी करा, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये सांगितले. गोळी बाजारात आल्यावर वीस वर्षांनी!

पण जिथे विषय गर्भाशयाचा, पाळणा लांबवण्याचा, लशीचा असतो, तिथे बाई अचानक हवीहवीशी होते. त्यातही गरीब, आदिवासी, वसतिगृहातली. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकन संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेबरोबर हजारो मुलींना एच.पी.व्ही.ची लस दिली. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लशीमुळे झाले, असे चौकशीत दिसून आले नाही. हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण लशीविषयी खोटी भीती पसरवणे हाही बायकांवर अन्यायच आहे. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये जे उघड केले, ते विसरता येणार नाही. आंध्रमधल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, १,९४८ वर नुसते अंगठे. आई-बाप जिवंत असताना मुलीच्या शरीराची संमती वॉर्डनने दिली!

याच गोंधळात दुसराही एक अभ्यास अडकला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना लशीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात, हे पाहणारा. २०१० मध्ये लसीकरण थांबले आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधक त्यांचा माग ठेवत राहिले. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त छापून आले की या मुलींना एका मात्रेनेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळाले आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक मात्राही चालेल असे सांगितले. त्यामागे हा पुरावाही होता. जगातल्या गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च त्यामुळे कमी होऊ शकला. ही आनंदाचीच बातमी आहे. पण ज्या मुलींचे लसीकरण अर्ध्यावर राहिल्यामुळे जग शहाणे झाले, त्यांच्या गावात जाऊन "बायांनो, तुमच्यामुळे हे कळले" असे सांगण्याचा रिवाज आपल्याकडे का नाही?

वेगळेही होऊ शकते

कोणी म्हणेल, संशोधन असेच चालते. नाही, वेगळेही चालते, आणि आपल्याच राज्यात चालले आहे.

१९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच गडचिरोलीच्या दोन खेड्यांवरचा एक निबंध आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ६५० बायकांची तपासणी. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरीने दर बाईमागे ३.६ आजार. आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्या निबंधापूर्वी गावातल्या बाईचे आरोग्य म्हणजे तिची बाळंतपणे आणि तिची नसबंदी, एवढेच होते. पांढरे जाणे, दुखणे, लाजेपोटी गिळलेला त्रास हा 'आरोग्याचा प्रश्न' आहे, हे जगाला या दोन गावांनी सांगितले. गडचिरोलीत तपासणीबरोबर उपचारही होते आणि बायकांच्या शब्दांत त्यांचे आजार समजून घेणेही होते.

२००१ मध्ये 'सर्च' आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अभ्यास केला आणि तो 'कोवळी पानगळ' या नावाने मराठीत काढला. सरकारी नोंदीत बाळांचे मृत्यू कसे दडतात, हे त्यात होते. अहवाल मराठीत असल्यामुळे तो वर्तमानपत्रांत गेला, विधानसभेत गेला. सरकारला समिती नेमावी लागली. हाच अभ्यास केवळ एखाद्या इंग्रजी नियतकालिकाच्या सत्तराव्या पानावर राहिला असता तर?

'वैद्यकीय ज्ञान मराठीत मांडता येत नाही' हे म्हणणे खोटे आहे. ते मांडायची गरज वाटत नाही, हे खरे आहे. संशोधकाची बढती इंग्रजी निबंधांवर ठरते, गावात घेतलेल्या सभेवर नाही.

मध्यंतरी सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना आणली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना वाचायला खुली. चांगले आहे. पण वस्तीवर काम करणारी कार्यकर्ती, आशाताई, आपल्यासारखा महिला गट या यादीत नाही. आणि पैशाची भिंत पाडली तरी भाषेची उभीच आहे. उस्मानाबादचा निबंध आज फुकट वाचता येतो. उस्मानाबादमध्ये तो किती बायकांनी वाचला?

आपलाही हिशेब

बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःकडे वळलेली बोटेही पाहायला हवीत. पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी मी एका झोपडपट्टीत साठ बायकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्नावली अकरा पानांची होती. पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, सगळे विचारले. एका बाईने मुलाला मांडीवर पाजत पाजत उत्तरे दिली, मधे रडली, मला चहा दिला. माझा प्रबंध झाला, पहिला वर्ग मिळाला. तो प्रबंध काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत कॉलेजच्या ग्रंथालयात पडून आहे. त्या वस्तीत मी पुन्हा गेले नाही. त्या साठ जणींपैकी एकीलाही मी सांगितलेले नाही की त्यांच्या बोलण्यातून काय निघाले.

माझ्या प्रबंधाने कोणाचा जीव गेला नाही. पण रीत तीच होती. तिच्याकडे जायचे, तिचे घ्यायचे आणि निघून यायचे. आपल्या किती गटांनी सर्वेक्षणे केली, निधी देणाऱ्यांना अहवाल पाठवले आणि वस्तीत परत जायचे राहून गेले? हा हिशेबही मांडू या. तो मांडल्याशिवाय मोठ्यांना जाब विचारण्याचे बळ येणार नाही.

आपण काय मागायचे?

१. महाराष्ट्रातल्या स्त्रियांवर केलेल्या प्रत्येक वैद्यकीय अभ्यासाचे निष्कर्ष, तो छापून आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, सोप्या मराठीत त्या त्या गावच्या महिला ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजेत. संशोधनात सहभागी झालेल्यांना त्याचे निष्कर्ष कळण्याची संधी मिळावी, असे हेलसिंकी जाहीरनाम्याने २०१३ मध्येच म्हटले आहे. अनुदान देतानाच ही अट घाला.

२. ज्या गटाला काही मिळाले नाही, त्या गटाचा मिळालेल्या फायद्यावर पहिला हक्क. जी पद्धत उपयोगी ठरली ती तुलना गटातल्या प्रत्येक बाईला मोफत, आणि याची तरतूद अभ्यास सुरू होण्यापूर्वी लेखी.

३. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आणि लगेच उपचार ग्रामीण रुग्णालयापर्यंत मोफत. ऊसतोड भागात टोळ्या निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर खास शिबिरे, हंगामात कारखान्यांवरही.

४. तातडीचे कारण नसताना दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत आणि मराठीतले समजावून सांगितलेले संमतीपत्र याशिवाय कोणाचीही पिशवी काढली जाऊ नये. प्रत्येक जिल्ह्याने अशा शस्त्रक्रियांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.

५. नीतिमत्ता समित्यांवर त्या भागातल्या, डॉक्टर नसलेल्या कष्टकरी स्त्रिया असाव्यात. 'इथे काहीच मिळत नाही, म्हणून काही दिले नाही तरी चालेल' हा युक्तिवाद त्यांच्यासमोर करून दाखवा!

आणि सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल असे एक काम. प्रत्येक गटाने वर्षातून एक शोधनिबंध निवडावा, आपल्या भागातल्या बायकांवरचा. एखाद्या मैत्रिणीला, डॉक्टरला, कॉलेजातल्या मुलीला धरून तो मराठीत आणावा आणि ज्यांच्यावर तो आहे त्यांच्या बैठकीत वाचावा. मी उस्मानाबादचा आणला. माझे भाषांतर ओबडधोबड होते, दोन ठिकाणी अडखळले. पण प्रश्न जो आला तो कुठल्याही विद्यापीठातल्या चर्चासत्रात येणार नाही इतका नेमका होता.

आता टोळ्या परत आल्या की मी त्या वस्तीवर पुन्हा जाणार आहे. तपासणीची तारीख ठरवून, सिस्टरला बरोबर घेऊन. मावशींनी तेव्हा दुसराही एक प्रश्न विचारला होता, तो इथे मुद्दाम शेवटी ठेवला आहे. फळ्यावरचा '६४' पुसायला मी डस्टर उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई. त्यांची नावं काय व्हती?"